बाजारातली हळद, प्रयोगशाळेतली हळद

(हिंगोली जिल्ह्यात शेतकरी आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग घेतला आहे.)



हिंगोली जिल्ह्यात येऊन हळदीवर बोलायचं म्हणजे तसं धाडसच. बेणं कसं निवडायचं, गादीवाफ्यावर किती अंतर ठेवायचं, बॉयलरमध्ये हळद शिजली हे वासावरून कसं ओळखायचं, यातलं काहीही मी तुम्हाला शिकवू शकत नाही. ते तुम्हीच मला शिकवाल. मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे आज मी शेतातल्या हळदीबद्दल कमी आणि पोटात गेल्यावर तिचं काय होतं याबद्दल जास्त बोलणार आहे.

कारण असं की गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक शब्द फार ऐकू यायला लागलाय. कर्क्युमिन. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बोली लावणाऱ्याच्या तोंडी तो आहे, वसमतला हळदीचं संशोधन केंद्र होतंय तिथे तो आहे, आणि मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या मेसेजमध्ये तर आहेच. कर्क्युमिनने शुगर जाते, कर्क्युमिनने कॅन्सर बरा होतो, गुडघे धरत नाहीत. आता यातलं खरं किती? हा प्रश्न नुसता ज्ञानाचा नाही. शुगरची गोळी बंद करून हळदीच्या कॅप्सूल घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील, कदाचित तुमच्याच घरात असतील.

प्रयोगशाळेकडे जाण्याआधी घरातल्याच तीन गोष्टी आठवा.

पहिली. हळदीची पूड पाण्यात टाका. पाणी पिवळं होतं, पण थोडा वेळ ठेवलं की पूड तळाशी बसते. तीच पूड तेलाच्या फोडणीत टाकली तर तेल कसं भराभर रंग घेतं! म्हणजे हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो.

दुसरी. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि घाईघाईत साबण लावला, की डाग लाल होतो. नवीन सुनेला वाटतं, कपडा गेला. (हशा) तो लाल होतो कारण साबण अल्कधर्मी असतो. हीच युक्ती आपल्या लोकांनी फार जुन्या काळापासून वापरली आहे. हळदीला चुन्याची निवळी लावायची, की कुंकू तयार. पारंपरिक कुंकू म्हणजे रंग बदललेलं कर्क्युमिनच.

तिसरी. तोच डागाचा सदरा धुऊन कडक उन्हात वाळत घाला. संध्याकाळपर्यंत डाग फिका होतो, दोन-तीन दिवसांत नाहीसा होतो. कर्क्युमिन उजेडात तुटतं.

पाण्यात विरघळत नाही, अल्कधर्मी जागी टिकत नाही आणि जिथे जाईल तिथे चिकटून रंग देतं. हळदीच्या औषधी गुणांवर जगभर जे संशोधन झालं त्याची अर्धीअधिक कथा या तीन वाक्यांत आहे. ती कशी ते आता बघू.

आधी हळदीत असतं काय? वाळवलेल्या हळकुंडाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे पिष्ट, स्टार्च. म्हणूनच तर शिजवावं लागतं; पिष्ट फुलतं, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळल्यावर हळकुंड टणक होतं. थोडी प्रथिनं, थोडा चोथा, खनिजं, ओलावा. काही टक्के उडून जाणारं तेल, ज्याचा तो वास. आणि उरलेल्यात पिवळा रंग देणारे तीन सख्खे भाऊ, त्यातला थोरला कर्क्युमिन. तिघांचं मिळून प्रमाण जातीप्रमाणे साधारण दोन ते सहा टक्के. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ते सातच्या आसपास जातं. बाजारात मिळणाऱ्या साध्या पुडीत सरासरी तीन टक्के धरा, हिशेबाला सोपं जातं.

पोषण म्हणाल तर एका चमच्यात, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत, नऊ-दहा कॅलरी आणि दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह. हे लोह कागदावर छान दिसतं, पण हळदीतलीच काही द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते सगळं अंगी लागत नाही. रक्त वाढवायला हळद, हे काही खरं नाही. त्यासाठी हिरवी भाजी, डाळ आणि वर लिंबू पिळा.

आता कर्क्युमिन. ते पहिल्यांदा वेगळं काढलं फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी, १८१५ मध्ये. म्हणजे पेशवाई अजून बुडायची होती. त्याची रचना समजायला मात्र १९१० साल उजाडलं. १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते जिवाणूंना मारतं असं प्रसिद्ध झालं. आणि १९९० नंतर जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. हजारो शोधनिबंध! काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाका, काही ना काही होतंच. कर्करोगाच्या पेशी मरतात, सूज आणणारी रसायनं कमी होतात, जंतू मरतात. प्रत्येक निबंधाची बातमी होते, बातमीचा मेसेज होतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा ढीग उपसून पाहिला. औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत सांगतो. नवीन औषध शोधताना प्रयोगशाळेत पदार्थ टाकून बघतात: रंग बदलला का, चमक आली का, अमुक प्रथिनाला तो चिकटला का? आता जो पदार्थ स्वतःच रंगीत आहे, स्वतःच चमकतो, आणि दिसेल त्याला चिकटतो, तो प्रत्येक परीक्षेत पास होणारच ना! पेपर न लिहिता पास. म्हणजे आपल्या सदऱ्यावरचा जो गुण, तोच परीक्षानळीत ‘औषधी गुण’ म्हणून नोंदला जातोय. सगळेच निबंध असे फसवे आहेत असं कुणी म्हणत नाही. पण पुष्कळ आहेत. शिवाय टेक्सासमधल्या एका मोठ्या कर्करोग संस्थेतून आलेले या विषयावरचे अनेक निबंध नंतर मागे घ्यावे लागले, कारण त्यांतल्या चित्रांवर विश्वास ठेवता येईना. ज्या पायावर माड्या चढल्या होत्या त्यातल्या काही विटा पोकळ निघाल्या.

दुसरी अडचण, माझ्या मते जास्त मोठी, ती रक्तात पोचण्याची. पेशींवर टाकलं तर काम करतं, ठीक. पण खाल्ल्यावर ते पेशींपर्यंत जातं का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ निरोगी स्वयंसेवकांना कर्क्युमिनची एकेक मात्रा दिली, अर्ध्या ग्रॅमपासून बारा ग्रॅमपर्यंत. आठ ग्रॅमपर्यंत ज्यांनी घेतलं त्यांच्या रक्तात ते सापडलंच नाही. दहा आणि बारा ग्रॅम घेणाऱ्यांपैकी दोघांच्या रक्तात किंचित सापडलं. आता तीन टक्क्यांनी हिशेब करा. आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे पाव किलोहून जास्त हळद, एका वेळेला! आणि तरी रक्तात शून्य.

का? तर तेच. पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्यातून नीट शोषलं जात नाही. शोषलं गेलंच तर आतड्याची भिंत आणि यकृत मिळून त्याला लगेच दुसरं रूप देऊन बाहेरची वाट दाखवतात. आणि रक्त किंचित अल्कधर्मी. तशाच आम्लतेच्या साध्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, नव्वद टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात तुटतं हे मोजलेलं आहे. साबणाचा डाग आठवला?

मग मिऱ्याची गोष्ट येते. तुम्ही ऐकली असेल, ‘हळदीत मिरेपूड टाका, वीसपट गुण येतो.’ याचं मूळ बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या प्रयोगात आहे. तो प्रयोग खरा आहे. दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन वीस मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं प्रमाण दोन हजार टक्क्यांनी वाढलं. पण कशाच्या दोन हजार टक्के? जवळजवळ शून्याच्या. खिशात पाच पैसे होते, त्याचे वीसपट केले तर रुपया झाला. रुपयात काय येतं आज? आणि तोही तासभरच टिकला.

यात एक धोकाही आहे. पायपरीन हे कर्क्युमिनसाठी दार उघडतं म्हणजे शरीराची औषधं मोडण्याची यंत्रणा थोडी थोपवतं. ते दार एकट्या कर्क्युमिनसाठी उघडत नाही. फिट येऊ नये म्हणून देतात ते फेनिटॉइन, रक्तदाबासाठी देतात ते प्रोप्रॅनोलॉल, यांचंही रक्तातलं प्रमाण पायपरीनने वाढतं हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी दाखवलंय. भाजीतल्या चिमूटभर मिऱ्याने काही होत नाही. पण कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा शुद्ध अर्क असतो. रोज औषध घेणाऱ्या माणसाने ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

इथे कुणीतरी म्हणणारच, ‘सर, मग ते पेटंटचं काय? अमेरिकेने तर मान्य केलं होतं!’ म्हणून तेही सांगतो, कारण त्या लढ्याचा अर्थ आपण बरेचदा उलटा लावतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरून येते, या उपयोगावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. पुरावा म्हणून बत्तीस जुने संदर्भ सादर केले, त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हळदीघाटीची लढाई जिंकली म्हणून तेव्हा आपण सगळे हरखलो होतो. आनंद रास्तच होता.

पण त्या खटल्यात प्रश्न काय होता? ‘हे नवीन आहे का?’ उत्तर मिळालं, नाही, हिंदुस्थानातल्या आज्या हे केव्हापासून करतायत. ‘याने जखम खरंच भरते का, किती भरते?’ हा प्रश्न तिथे सोडवायचा नव्हताच. पेटंट कार्यालय म्हणजे काही दवाखाना नव्हे. म्हणून विळा लागला, पायात खुरपं घुसलं, तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद जमिनीत वाढते, अंगणात वाळते. घरातली पूड निर्जंतुक नसते. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात.

एवढं ऐकून वाटेल की हा माणूस हळदीवर उठलाय. तसं नाही. माणसांवर झालेले काही चांगले प्रयोग आहेत, आणि त्यातले दोन-तीन आपल्या कामाचे आहेत.

गुडघ्यांचं घ्या. ज्या जिल्ह्यात आयुष्यभर वाकून खुरपणी होते तिथे गुडघे हा चेष्टेचा विषय नाही. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना गुडघ्याची झीज. निम्म्यांना हळदीचा अर्क, रोज दीड ग्रॅम. निम्म्यांना आयबुप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी, रोज बाराशे मिलिग्रॅम. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम, आणि हळदीच्या गटात पोटाचे त्रास कमी. छान. पण तिसरा गट नव्हता, नुसती दिसायला तशीच, आत काही नसलेली गोळी घेणारा. दुखणं असं असतं की काहीतरी घेतोय या भावनेनेही ते कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात २०२० मध्ये ती कसर भरून काढली. रुग्ण ७०, बारा आठवडे, अर्ध्यांना अर्क आणि अर्ध्यांना पोकळ गोळी. वेदना अर्कवाल्यांची जास्त कमी झाली, पण एमआरआयमध्ये गुडघ्यातली सूज आणि पाणी तसंच होतं. माझं मत विचाराल तर गुडघ्याच्या दुखण्यात अर्काचा थोडा उपयोग आहे असं दिसतं. झीज भरून येते असं मात्र कुठेही दिसलेलं नाही.

दुसरं पोटाचं. पुन्हा थायलंडच. २०२३ मध्ये अपचनाच्या २०६ रुग्णांची चाचणी आली. एका गटाला कर्क्युमिन रोज दोन ग्रॅम, एका गटाला ओमेप्राझोल, म्हणजे आपण ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणतो ती, आणि एका गटाला दोन्ही. महिन्याभराने तिन्ही गटांना सारखाच आराम. याही चाचणीत पोकळ गोळीचा गट नव्हता, तेव्हा तीच शंका इथेही राहते. मला ही चाचणी आवडते ती वेगळ्या कारणाने. रक्तात न पोचणारा पदार्थ काम करणारच असेल तर कुठे करेल? जिथे तो पडून राहतो तिथे, पोटात आणि आतड्यात. म्हणजे हिशेब जुळण्यासारखा आहे. पुढच्या चांगल्या चाचण्या कर्करोगाऐवजी पोटावर व्हाव्यात असं मला वाटतं.

लक्षात घ्या, या सगळ्या चाचण्या अर्काच्या आहेत. रोजच्या जेवणातून माणशी दोन-अडीच ग्रॅम हळद जाते, म्हणजे कर्क्युमिन पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास. अपचनाच्या चाचणीतली मात्रा आमटीतून मिळवायची तर रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. ती आमटी खाणार कोण? (हशा)

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा घालून दिली आहे. शरीराच्या किलोमागे तीन मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकशे ऐंशी. आपलं जेवण या मर्यादेच्या बरंच आत आहे. पण एकेका कॅप्सूलमध्येच पाचशे किंवा हजार मिलिग्रॅम असतं. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य जेवणातल्या हळदीला लागू आहे, कॅप्सूलला नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्या वीसहून जास्त लोकांना यकृताचा दाह झाला. अमेरिकेत अशा दहा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. दहातल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे हा त्रास सगळ्यांना होत नाही. पण ती खूण आपल्यात आहे की नाही हे आपल्याला कुठे माहीत असतं?

आणि मुतखडा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खडे किती होतात ते इथल्या डॉक्टरांना विचारा. हळदीत ऑक्झलेट असतं. ११ निरोगी माणसांना महिनाभर हळदीची जादा मात्रा देऊन २००८ मध्ये पाहिलं, तर लघवीतलं ऑक्झलेट वाढलेलं दिसलं. खड्याची प्रवृत्ती असणाऱ्याने चमचा-चमचा हळद पाण्यातून पिऊ नये.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत मिशिगन भागात आंबट चेरी पिकते. तिथल्या बागायतदारांची अडचण आपल्यासारखीच, माल भरपूर आणि भाव वर-खाली. चेरीच्या लाल रंगद्रव्यांवर संशोधन सुरू झालं आणि ‘सांधेदुखीवर चेरी’ अशा जाहिराती निघाल्या. २००५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चेरी विकणाऱ्या २९ कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. रोग बरा होतो म्हणालात तर ते औषध ठरतं, औषधाच्या परीक्षा द्या, नाहीतर ते वाक्य काढा. नंतर २०१२ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधा सुजणाऱ्या, ६३३ रुग्णांचा अभ्यास केला. ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली त्यानंतर झटका येण्याची शक्यता पस्तीस टक्क्यांनी कमी दिसली. पण तेही लोकांनी स्वतः सांगितलेल्या खाण्यावरून केलेलं निरीक्षण. चेरीमुळेच फरक पडला असं त्यातून सिद्ध होत नाही.

हे आपल्याला का हवं? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालं, तशी आपलीही ओळख झाली. आता गट तयार होतील, कंपन्या होतील, पाकिटं निघतील. पाकिटावर ‘मधुमेहावर गुणकारी’ छापायचा मोह होईल. आपल्याकडेही २०१८ चे जाहिरातींचे नियम आहेत, १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांविरुद्धचा कायदा आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. ते वाक्य वाचून एखाद्या बाईने इन्सुलिन थांबवलं तर?

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हळदीचा आरोग्यावर होणारा सगळ्यात पक्का सिद्ध झालेला परिणाम कर्क्युमिनचा नाहीच. तो शिशाचा आहे.

बांगलादेशात खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. आसपास कारखाना नाही, काही नाही. ढाक्यातली संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी शोध घेतला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, मुख्य स्रोत हळद. हळकुंडं पॉलिश करताना चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग लावायचे. ही सवय लागली कशी? १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, काळवंडली. काळवंडलेला माल खपेना, म्हणून व्यापाऱ्यांनी रंग लावला. पुढे पूर ओसरला, रंग राहिला. गिऱ्हाइकाला झगझगीत पिवळ्याची सवय लागली होती. या रंगात वजनाने साठ टक्क्यांहून जास्त शिसंच असतं. ते लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

पुढचं ऐका, कारण ते आशेचं आहे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. सरकारने बातम्या दिल्या, बाजारात पत्रकं लावली, घाऊक बाजारात यंत्र नेऊन सगळ्यांदेखत माल तपासला, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ च्या सुरुवातीला प्रमाण शून्य. हळद दळणाऱ्या गिरणी कामगारांच्या रक्तातलं शिसंही तीस टक्क्यांनी उतरलं.

आपल्या देशात? २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांचा एक अभ्यास आला. भारतात हळदीतल्या शिशाची मर्यादा ग्रॅममागे दहा मायक्रोग्रॅम आहे. पाटणा, कराची आणि पेशावर इथल्या काही नमुन्यांत ते हजाराच्या वर होतं, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. हे शेतात येत नाही. शेतकऱ्याच्या हातून माल गेल्यावर पॉलिशच्या ड्रममध्ये किंवा दळताना येतं. पण नाव हळदीचंच खराब होतं.

(यानंतर प्रश्न झाले.)

प्रश्न : सर, आमच्या घरी सर्दी झाली की हळदीचं दूध देतात. तेही बंद करायचं का?

अजिबात नाही. गरम दूध घशाला बरं वाटतं, झोप लागते, आजीचा हात डोक्यावर फिरतो. त्यात हळदीचा वाटा किती हे मोजलेलं नसलं तरी त्याने नुकसान नाही. दुधातल्या स्निग्धतेत ती थोडी विरघळते हेही खरं. फक्त न्यूमोनिया झालेल्या लेकराला दुधावर थांबवू नका. छाती उडत असेल, ताप उतरत नसेल तर दवाखाना.

प्रश्न : ज्या हळदीत कर्क्युमिन जास्त ती खायला चांगली का? आमच्या सेलमला लोक नावं ठेवतात.

अर्क काढणाऱ्या कारखान्याला टक्का महत्त्वाचा, कारण त्याला तेवढंच हवंय. त्याने जास्त टक्क्याला जास्त भाव द्यावा, तुम्ही घ्यावा. पण जेवणात तीन टक्क्यांची टाकली काय आणि पाच टक्क्यांची टाकली काय, रक्तात पोचणारा फरक जवळपास काहीच नाही. खाणाऱ्याने वास, चव आणि शुद्धता बघावी. एक मात्र करा, पूड डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. दुकानातल्या काचेच्या बरणीत उन्हात ठेवलेली पूड रंग सोडते, ते मघाशी सांगितलंच.

प्रश्न (एक वयस्कर शेतकरी) : समदं खरं सर. पण मग आम्ही आमचा माल काय सांगून इकावा? गुण न्हाई म्हणता, मग भाव कशाचा?

मामा, गुण नाही असं मी म्हटलं नाही. रोग बरा करण्याचा गुण सिद्ध नाही असं म्हटलं. हळद हा मसाला आहे, तिच्याशिवाय आपल्या वरणाला वरण म्हणवत नाही, एवढा गुण भाव मागायला पुरेसा आहे. काय सांगून विकायचं म्हणता, तर हे सांगा : कुठल्या गावची, कुठल्या वर्षाची, पॉलिश करताना रंग लावलेला नाही. आणि त्यासोबत एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा शिशाचा अहवाल जोडा. एकट्याला परवडत नसेल तर गटाने प्रत्येक खेपेचा एक मिश्र नमुना काढा. नमुना पोत्याच्या तोंडाचा घेऊ नका, वर-मध्ये-खाली, दहा-बारा पोत्यांतून थोडा थोडा घ्या, कांडी वेगळी आणि गट्टू वेगळा. आणि तो पॉलिशच्या आधी एक, पॉलिशनंतर एक असा दोनदा काढा. दोन अहवालांत शिशाचा आकडा बदलला, तर कुठे काय झालं ते तुम्हाला तिथेच कळेल.